परतलेल्या मुक्त गुलामांच्या योरुबा वंशजांचे मूळ गाव कसे शोधावे

नायजेरियातील लागोसमधील एखाद्या परेरा किंवा क्राउथर घराण्याचे मूळ शोधायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच दिवशी चुकतो. तो आडनाव घेऊन निघतो, जुन्या कागदांत ‘योरुबा’ हा (आजच्या नैऋत्य नायजेरियात व लगतच्या बेनिनमध्ये राहणाऱ्या समाजाचा) शब्द शोधतो आणि हाती काही लागले नाही की कागदच उरलेले नाहीत असे ठरवून मोकळा होतो. कागद पुष्कळ आहेत, पण ते ज्या क्रमाने उघडायला हवेत त्याच्या उलट क्रमाने त्याने ते उघडलेले असतात. या विषयावर मला येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या एकाच चुकीत असल्यामुळे संपूर्ण प्रक्रिया येथे टप्प्यांनुसार मांडत आहे.

दोन शब्द आधी पक्के करून घ्यावेत. ब्रिटिश आरमाराने समुद्रावर पकडलेल्या गुलामवाहू जहाजांतून सोडवून सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे उतरवलेले आणि १८३९ पासून आजच्या नायजेरियातील बादाग्री, लागोस व अबेओकुटा येथे परतलेले लोक म्हणजे सारो. ब्राझील किंवा क्युबा येथे प्रत्यक्ष गुलामीत राहून, स्वातंत्र्य मिळवून किंवा विकत घेऊन परतलेले लोक म्हणजे आगुदा; त्यांनाच अमारो असेही म्हणतात. या दोन प्रवाहांचे कागद वेगळ्या देशांत, वेगळ्या भाषांत आणि वेगळ्या प्रकारच्या वह्यांत आहेत. कोणता प्रवाह आहे हे ठरण्यापूर्वी परदेशातील एकही नोंदवही उघडू नये.

## पूर्वतयारी: नेमके काय शोधायचे आहे

उत्तर तीन भागांचे असते: मूळ गाव, त्या गावातील वाडा, ज्याला योरुबा भाषेत आग्बो-इले म्हणतात, आणि घराण्याचे ओरिले, म्हणजे कुळाच्या उगमाची ओळख. लागोस, फ्रीटाउन व साल्वादोर (ब्राझीलमधील बाहिया राज्याची राजधानी) ही वाटेवरची ठाणी आहेत. अबेओकुटा हेदेखील बहुतेकदा ठाणेच असते, कारण ते १८३० मध्ये युद्धात उद्ध्वस्त झालेल्या अनेक गावांतील एग्बा या योरुबा पोटसमूहाच्या लोकांनी एकत्र येऊन वसवले. ‘आम्ही अबेओकुटाचे’ असे घरचे म्हणाले तर अबेओकुटातील कोणत्या गावठाणाचे, हा प्रश्न लगेच विचारावा. एग्बा अलाके, ओके-ओना, ग्बागुरा आणि ओवू असे चार मोठे विभाग तेथे आहेत आणि प्रत्येकात जुन्या गावांची नावे अजून टिकून आहेत.

वही अशी आखावी की प्रत्येक पूर्वजाला एक स्वतंत्र पान मिळेल. त्या पानावर त्याचे प्रत्येक नाव, प्रत्येक वर्णलेखनासह, आणि ते कोठे सापडले ते लिहावे. ऐकलेले आणि वाचलेले यांची शाई वेगळी ठेवली तर पुढे फार उपयोग होतो. सहा महिन्यांनी आपण काय ऐकले होते आणि काय वाचले होते हे कोणालाच आठवत नाही.

लिपीबाबत इशारा. मराठीत टिपणे घेणाऱ्यांनी नावे केवळ देवनागरीत लिहून ठेवू नयेत. योरुबात स्वरांची उंची आणि अक्षराखालचा ठिपका यांनी अर्थ बदलतो: नवरा, कुदळ, भाला आणि होडी हे चार वेगळे शब्द देवनागरीत लिहिले की चारही ‘ओको’ होतात. रोमन लिपीतील मूळ वर्णलेखन जसेच्या तसे उतरवावे आणि देवनागरी फक्त उच्चार लक्षात राहावा म्हणून शेजारी ठेवावी. ‘ग्ब’ हा जोडध्वनी इंग्रज कारकुनाच्या कानाला कधी ‘ब’ तर कधी ‘ग’ लागे, आणि योरुबातील ‘प’ प्रत्यक्षात ‘क्प’ असा उच्चारला जातो, हेही वहीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवावे.

शोधशब्दांची तपासणी. सगळ्या समूहाला ‘योरुबा’ म्हणण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी तो शब्द प्रामुख्याने ओयो या योरुबा साम्राज्याच्या लोकांपुरता होता. फ्रीटाउनच्या कागदांत या लोकांना आकू म्हणतात, बाहियात नागो आणि क्युबात लुकुमी. त्याखेरीज ओयो, एग्बा, इजेबू, इजेशा, ओवू, एकिती, ओंडो, इफे ही पोटसमूहांची नावे वेगवेगळ्या वर्णलेखनांत शोधावी लागतात.

## टप्पा १: आडनाव बाजूला ठेवणे

हा टप्पा लहान आहे, परंतु तो वगळल्यामुळेच सर्वाधिक लोक फसतात. सारो आणि आगुदा या दोन्ही प्रवाहांत आडनाव हे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले, मालकाचे, मिशनऱ्याचे किंवा एखाद्या आश्रयदात्याचे नाव असते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा दा सिल्वा, परेरा, दा कोस्ता, कार्दोजो किंवा गोमेस पाहून पोर्तुगीज रक्ताचा निष्कर्ष काढणे म्हणजे वसई-गोव्यातील परेरांना लिस्बनचे समजण्यासारखेच आहे. आपल्याकडे ही गोष्ट सहज कळते, कारण एकाच गावातील एकमेकांशी नाते नसलेल्या घरांना बाप्तिस्म्यामुळे एकच आडनाव मिळाल्याचे गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. लागोसबाबत मात्र तोच मराठी वाचक विसरतो.

सारो बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. लागोसचे ख्यातनाम राजकीय पुढारी हर्बर्ट मेकॉले यांच्या वडिलांचे संपूर्ण नाव थॉमस बॅबिंग्टन मेकॉले होते, आणि भारतातील इंग्रजी शिक्षणाच्या टिपणामुळे आपल्याला पाठ असलेल्या मेकॉलेचेही नाव नेमके तेच. टिपणवाल्या मेकॉलेचे वडील झॅकरी मेकॉले हे सिएरा लिओनचे गव्हर्नर होते. तेथे सुटका झालेल्या लोकांत ते नाव पसरले ते अशा मार्गांनी. नात्याचा तेथे काही संबंध नाही.

या टप्प्यावरची नेहमीची चूक: सख्ख्या भावंडांची आडनावे एकच असतील असे धरून चालणे. बाहियात दोन भाऊ दोन मालकांकडून मुक्त झाले असतील तर त्यांची आडनावे वेगळी असू शकतात, आणि स्त्रियांना ‘दा कॉन्सेसांव’ किंवा ‘दो रोझारियो’ अशी भक्तिपर नावे दिली गेल्यामुळे ती मालकाशीही जुळत नाहीत.

## टप्पा २: घरातील बोलका पुरावा जमा करणे

कागदांपूर्वी माणसे. हा टप्पा पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागतात आणि तो घाईने उरकला तर पुढचे सगळे टप्पे पोकळ राहतात, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

घरातील सर्वांत वयस्क स्त्रियांकडे प्रथम जावे. ओरिकी, म्हणजे घराण्याची व व्यक्तीची स्तुतिपर वचने, म्हणण्याची कला बहुतांशी स्त्रियांनी, विशेषतः घरात लग्न होऊन आलेल्या सुनांनी जपली आहे. पुरुषमंडळी वंशावळ सांगतात, पण ती बहुधा परतलेल्या पूर्वजापाशीच थांबते. ओरिकी त्याच्या मागे जाते. ध्वनिमुद्रण करावे, मध्येच थांबवून अर्थ विचारू नये. अर्थ दुसऱ्या बैठकीत विचारावा, कारण ओरिकी ओघात आठवते आणि ओघ तुटला की ओळी गळतात.

बैठकीत पुढील गोष्टी एकेक करून विचाराव्यात, आणि उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर तेही लिहावे:

घराण्याचे ओरिले कोणते? एरिन (हत्ती), ओपो (खांब), ओकिन (शुभ्र पिसांचा राजपक्षी) अशी ही नावे असतात. देवक ही कल्पना ज्यांना परिचित आहे त्यांना ओरिले चटकन कळेल, पण ओरिले हे विशिष्ट स्थळाकडेही बोट दाखवते. ओरिकीत ‘ओनिकोयीचे अपत्य’ असे आले तर रोख इकोयीच्या घराण्याकडे असतो. कुस्तीचा गौरव आला तर ओफा गावाकडे, कारण कुस्ती हाच ओफाचा विधी असे वचन योरुबा प्रदेशात सर्वतोमुखी आहे.

घराण्याचे एवो, म्हणजे वर्ज्य गोष्टी, कोणत्या? अमुक मांस न खाणे, अमुक भाजी घरात न आणणे. चार पिढ्या ख्रिस्ती किंवा मुसलमान असलेल्या घरांतही असा एखादा नियम कारण न सांगता पाळला जातो, आणि तो गावच्या किंवा कुळाच्या दैवताशी जोडलेला असतो. ‘आजी ते खात नसे, का ते ठाऊक नाही’ हे वाक्य ऐकले की पेन उचलावे.

नवजाताच्या नामकरणाला, लग्नाला आणि मृत्यूला कोणत्या गावचे लोक येत? कोणाच्या गालांवर खुणा होत्या आणि त्या कशा होत्या? आडव्या रेघांच्या आबाजा खुणा आणि तीन आखूड उभ्या रेघांच्या पेले खुणा यांत घरच्यांनी हाताने काढून दाखवलेले चित्र शब्दांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

घरात ‘तोकुन्बो’ नावाचे कोणी होते का? समुद्रापलीकडे जन्मून घरी आलेल्या मुलाला हे नाव देतात. आज नायजेरियात परदेशातून आलेल्या जुन्या मोटारींनाही हाच शब्द आहे, त्यामुळे तरुण मंडळी प्रश्न ऐकून हसतात, हसू द्यावे. वंशावळीतील पहिला तोकुन्बो म्हणजे परदेशात जन्मलेली पिढी, आणि त्याच्या वरची पिढी म्हणजे गावातून नेली गेलेली पिढी असण्याची दाट शक्यता असते.

नावांचा अर्थ लावताना सावधगिरी. जन्माच्या परिस्थितीवरून पडणारी नावे गावाबद्दल काहीही सांगत नाहीत. ताइवो आणि केहिंदे ही जुळ्यांची नावे, इदोवू जुळ्यांनंतरच्या अपत्याचे, आजायी पालथ्या जन्मलेल्याचे, ओजो गळ्याभोवती नाळ असलेल्या मुलाचे. ही नावे सगळ्या योरुबा प्रदेशात आढळतात. नावाच्या सुरुवातीचा भाग मात्र कुळाच्या व्यवसायाकडे किंवा उपासनेकडे नेऊ शकतो: ‘आयान’ वादकांकडे, ‘ओजे’ एगुनगुन म्हणजे पूर्वजांच्या मुखवटाधारी उपासनेकडे, ‘ओदे’ शिकाऱ्यांकडे, ‘ओगुन’ लोखंडाच्या दैवताकडे. ‘आदे’ म्हणजे मुकुट. तो दिसताच राजघराण्याचा दावा करण्याचा मोह आवरावा.

तपासणी. जमा झालेली ओरिकी नेमकी कोणाची आहे? स्त्रीचे ओरिले लग्नानंतर बदलत नाही, ते वडिलांचेच राहते. आजीने स्वतःबद्दल म्हटलेली ओरिकी तिच्या माहेरची असते, आणि ती सासरच्या घराण्याच्या पानावर लिहिली गेली की संशोधन दुसऱ्याच गावी जाऊन पोहोचते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या शीर्षकात ‘कोणी म्हटली’ आणि ‘कोणासाठी म्हटली’ ही दोन्ही नावे हवीत.

‘आम्ही मूळचे इफेचे’ हे उत्तर आले तर ते नम्रपणे लिहून घ्यावे आणि बाजूला ठेवावे. ओदुदुवा या आद्य पूर्वजापासून सर्व योरुबांचा उगम इले-इफे येथे झाला ही समाईक परंपरा आहे. तिच्यातून एका घराण्याचे गाव निघत नाही.

## टप्पा ३: परतलेल्या पिढीचे किनाऱ्यावरील कागद

आता लक्ष्य एकच: घरातील कोण व्यक्ती परतली, साधारण कोणत्या वर्षी, आणि कोठून. लागोस बेटावरील पहिल्या घराची जागा हा चांगला दुवा आहे. ओलोवोग्बोवो भाग सारोंचा, तर पोपो आगुदा ब्राझीलहून आलेल्यांचा. १८६१ मध्ये ब्रिटिशांनी लागोस ताब्यात घेतल्यानंतर दिलेल्या जमिनींच्या सनदा, प्रोबेट कार्यालयातील मृत्युपत्रे, चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्या आणि १८८० नंतरच्या लागोसच्या वृत्तपत्रांतील मृत्युलेख या क्रमाने पाहावे. मृत्युपत्रांना मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण तेथे माणूस स्वतःच्या नात्यातील लोकांची नावे स्वतः सांगतो आणि कधीकधी आतल्या प्रदेशातील एखाद्या गावच्या नातेवाइकाला काही ठेवून जातो.

नावबदलाचा विसर पडू देऊ नये. १८९० च्या दशकात अनेक सुशिक्षित सारोंनी इंग्रजी नावे टाकून योरुबा नावे घेतली; बाप्टिस्ट धर्मोपदेशक डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट हे १८९४ मध्ये मोजोला आग्बेबी झाले. त्यामुळे एकच माणूस १८९० पूर्वीच्या कागदांत एका नावाने आणि नंतरच्या कागदांत दुसऱ्या नावाने सापडतो, व अननुभवी शोधक त्याला दोन माणसे समजतो.

अबेओकुटाच्या घराण्यांनी १८६७ हे वर्ष वहीत ठळक लिहावे. त्या वर्षीच्या इफोले नावाच्या उठावात मिशनऱ्यांना आणि त्यांच्यासोबत अनेक ख्रिस्ती कुटुंबांना शहर सोडावे लागले, आणि बरेच जण लागोसजवळ एबुते मेट्टा येथे येऊन राहिले. अबेओकुटाच्या नोंदी अचानक तुटल्या तर त्यापुढचे पान एबुते मेट्टात शोधावे.

दफनभूमीबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. लागोसची जुनी आजेले दफनभूमी १९७० च्या दशकात पाडली गेली आणि तिच्याबरोबर पहिल्या पिढीच्या अनेक थडग्यांवरील लेखही गेले. घरात जुने छायाचित्र असेल तर त्यातील थडग्यावरचा लेख भिंगाने वाचावा.

आणखी एक दुवा सहसा दुर्लक्षित राहतो. १८७७ ते १८९३ या काळातील किरिजी युद्धात इबादान या बलाढ्य योरुबा शहराविरुद्ध लढणाऱ्या एकिती-इजेशा बाजूला लागोसमधील त्याच मुलखाचे सारो एकितिपारापो या नावाने संघटित होऊन मदत करत होते. पूर्वजाचे नाव अशा संघटनेत दिसले तर त्याची स्वतःची समजूत कोणत्या मुलखाशी जोडलेली होती हे कळते, आणि ही समजूत घरातील नातवंडांच्या अंदाजापेक्षा भरवशाची असते.

पुढे जाण्यापूर्वी तपासणी. परतलेल्या व्यक्तीचे आफ्रिकन नाव, ख्रिस्ती किंवा मुस्लिम नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि परतीचा मार्ग या चारपैकी निदान तीन गोष्टी हाती आहेत का? नसतील तर टप्पा २ कडे परत जावे.

## टप्पा ४: सारो घराण्यांसाठी फ्रीटाउनच्या नोंदवह्या

१८०८ पासून १८६० च्या दशकापर्यंत सुमारे ९९ हजार लोकांना सोडवून सिएरा लिओनमध्ये उतरवण्यात आले. उतरल्यावर त्यांची जहाजवार नोंद झाली. या नोंदवह्या फ्रीटाउनच्या सार्वजनिक अभिलेखागारात आहेत, पकडलेल्या जहाजांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयांच्या प्रती लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एफ. ओ. ८४’ आणि ‘एफ. ओ. ३१५’ या मालिकांत आहेत, आणि फ्रीटाउन व हवाना येथील मिळून ९१ हजारांहून अधिक नावे ‘आफ्रिकन ओरिजिन्स’ या माहितीकोशात इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात.

एक ओळ कशी वाचायची ते पाहू. ओळ मी उदाहरणादाखल रचली आहे: *अनुक्रमांक, ओजो, पुरुष, वय १४, उंची ४ फूट ९ इंच, दोन्ही गालांवर आडव्या रेघा, पोटावर व्रण.* नाव दुभाष्याने ऐकून सांगितलेले आणि कारकुनाने इंग्रजी कानाने लिहिलेले आहे, त्यामुळे ते मोठ्याने वाचून ओळखावे. वय हा डोळ्यांनी केलेला अंदाज आहे, तीन-चार वर्षे इकडेतिकडे धरावीत. उंची मोजलेली असल्यामुळे वयापेक्षा विश्वसनीय. खुणांचा रकाना सर्वांत मोलाचा, पण लहानपणी पकडलेल्या प्रत्येक मुलाला खुणा घातलेल्या असतीलच असे नाही. जहाजाचे नाव, पकडल्याची तारीख आणि निघाल्याचे बंदर पानाच्या शिरोभागी किंवा खटल्याच्या कागदांत मिळतात, आणि पुढच्या टप्प्यात तेच कामाला येतात.

या ओळीत ख्रिस्ती नाव नाही, आणि सर्वांत मोठी दरी हीच आहे. पुढे बिशप झालेले सॅम्युएल आजायी क्राउथर यांच्या कहाणीत ती स्पष्ट दिसते. ओशोगून हे त्यांचे गाव १८२१ मध्ये लुटले गेले. एप्रिल १८२२ मध्ये ‘एस्पेरांसा फेलिझ’ हे पोर्तुगीज जहाज ब्रिटिश युद्धनौकेने पकडले तेव्हा जहाजात चढवलेला मुलगा ‘आजायी’ होता. ‘सॅम्युएल क्राउथर’ हे नाव लंडनच्या एका पाद्र्याच्या नावावरून ११ डिसेंबर १८२५ रोजी बाप्तिस्म्यात मिळाले. म्हणजे नोंद आणि आडनाव यांत साडेतीन वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि या अंतरात हजारो आजायी-ओजो एकमेकांत मिसळून गेले. क्राउथर यांनी १८३७ मध्ये आपल्या पकडले जाण्याची हकिगत स्वतः लिहिली म्हणून त्यांची कडी जुळते. सर्वसाधारण माणसासाठी ती आपल्याला जोडावी लागते.

जोडण्याचा मार्ग असा. घरात टिकलेले आफ्रिकन नाव घ्यावे. पूर्वज फ्रीटाउनभोवतीच्या कोणत्या वस्तीत राहत होता हे शोधावे; हेस्टिंग्ज, वॉटर्लू, वेलिंग्टन, किसी, रीजंट ही त्यांपैकी काही गावे, तर मुस्लिम आकूंसाठी फूरा बे आणि फुला टाउन. त्या वस्तीच्या चर्चची बाप्तिस्मा नोंदवही आणि चर्च मिशनरी सोसायटीच्या उपदेशकांच्या रोजनिशा पाहाव्यात. त्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी ग्रंथालयात आहेत, ‘सी. ए. १’ ही मालिका सिएरा लिओनची आणि ‘सी. ए. २’ योरुबा मिशनची. रोजनिशांत धर्मांतरितांच्या तोंडची हकिगत, गावाच्या नावासह, अनपेक्षितपणे सापडते.

(याच चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे मुक्त आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला होता आणि तेथील अनेक जण १८७० च्या दशकात मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला गेले. ते पूर्व आफ्रिकेतील लोक होते. त्यांचा माग काढणाऱ्यांनी फ्रीटाउनच्या वह्यांत वेळ घालवू नये. दोन्ही ‘टाउन’च्या नावांतील साम्यामुळे ही गफलत झालेली मी पाहिली आहे.)

इशारा. फ्रीटाउनला उतरलेला प्रत्येक जण तेथे राहिला नाही. काही सैन्यात भरती झाले, काहींना करारबद्ध मजूर म्हणून वेस्ट इंडीजला पाठवले गेले. शिवाय पूर्वज जर फ्रीटाउनमध्येच जन्मला असेल तर तो या वह्यांत कधीच सापडणार नाही. तेथे त्याच्या आईवडिलांना शोधायचे असते. हेस्टिंग्ज येथे १८४६ मध्ये जन्मलेले योरुबा इतिहासकार सॅम्युएल जॉन्सन हे अशाच दुसऱ्या पिढीचे.

नेहमीची चूक: नाव आणि अंदाजे वय जुळले की शोध संपला असे मानणे. एकाच जहाजात चार ओजो असू शकतात. नाव, वय, खुणा आणि साल या चारही गोष्टी एकाच ओळीत जुळल्याखेरीज ती ओळ पूर्वजाच्या पानावर शाईने लिहू नये.

## टप्पा ५: आगुदा घराण्यांसाठी बाहियाचे कागद

ब्राझीलमधील योरुबांचे सर्वांत मोठे केंद्र बाहिया, त्यामुळे साल्वादोर येथील बाहिया राज्याच्या सार्वजनिक अभिलेखागारापासून सुरुवात करावी. तेथे तीन प्रकारचे कागद उपयोगी आहेत. पहिला, पोलिसांकडील पारपत्रांच्या नोंदी: जानेवारी १८३५ मधील माले उठावानंतर, म्हणजे साल्वादोरमधील मुस्लिम आफ्रिकनांच्या बंडानंतर, आफ्रिकन लोकांवर कडक नजर होती आणि किनारा सोडणाऱ्याची नोंद होत असे. दुसरा, नोटरीच्या वह्यांत नकललेली मुक्तिपत्रे; त्यांत मालकाचे नाव मिळते आणि आडनावाचे कोडे बहुधा येथेच सुटते. तिसरा, उठावानंतरच्या खटल्यांतील जबान्या, ज्यांत आरोपींची स्वतःच्या भूमीतील नावेही नोंदवलेली आढळतात. पारपत्रापासून मुक्तिपत्राकडे आणि तेथून बाप्तिस्म्याकडे, असे मागे मागे जावे. बाप्तिस्मा नोंदवह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पाहता येतात.

पोर्तुगीज कागदांत लागोसला ओनिम म्हटलेले असते, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांच्या हातून नेमकी नोंद निसटते. ‘नागो’ हा शिक्काही सैल आहे: त्याने माणूस योरुबाभाषक असल्याचे कळते, गाव कळत नाही. ‘जेजे’, ‘तापा’ किंवा ‘हौसा’ असा शिक्का आढळला तर घाबरून जाऊन तो लपवू नये. जेजे म्हणजे आजच्या बेनिनकडचे ग्बे भाषा बोलणारे, तापा म्हणजे योरुबांच्या उत्तरेचा नूपे समाज. आज अस्सल योरुबा म्हणून नांदणाऱ्या काही घराण्यांचा मूळ पुरुष दुसऱ्या समाजाचा होता आणि लागोसमध्ये तो योरुबांत मिसळला, ही शक्यता शोधाच्या सुरुवातीपासून मोकळी ठेवावी.

आगुदा म्हणजे कॅथलिक, ही समजूतही सोडावी. परतलेल्यांत मुसलमान पुष्कळ होते. ब्राझीलच्या कागदांत त्यांचे ख्रिस्ती नाव असते आणि लागोसला आल्यावर ते मशिदीच्या समाजात सापडतात. तसेच काही कुटुंबे आधी आजच्या बेनिनमधील आग्वे, विदा किंवा पोर्तो-नोव्हो येथे उतरून नंतर लागोसला आली. लागोसच्या चर्चमध्ये पहिली पिढी मिळाली नाही तर किनाऱ्याने पश्चिमेकडे सरकावे.

## टप्पा ६: तारीख आणि युद्ध यांची सांगड

माणूस कधी नेला गेला हे जहाजाच्या तारखेवरून कळले की तो कोणत्या मुलखातून नेला गेला असेल याचा परीघ आखता येतो. १८१७ च्या सुमारास इलोरिन येथे ओयोचा सेनापती आफोंजा याचे ओयोविरुद्ध बंड झाले आणि साम्राज्य खिळखिळे झाले. १८२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ओवू शहर पडले व त्यानंतर एग्बा गावे एकामागून एक उद्ध्वस्त झाली. १८३० च्या दशकात जुने ओयो ओस पडले. डिसेंबर १८५१ मध्ये ब्रिटिशांनी लागोसवर तोफा डागल्यानंतर त्या बंदरातून माणसांची निर्यात जवळजवळ थांबली. १८२३ मध्ये पकडलेला ओवू खुणांचा तरुण आणि १८३६ मध्ये पकडलेला ओयोचा तरुण या दोन्ही गोष्टी काळाशी जुळतात. उलट जोडी लावली तर कारण शोधावे लागते.

गावे हलली आहेत हे नकाशा पाहताना विसरू नये. आजचे ओयो शहर हे जुने ओयो नव्हे. ते दक्षिणेला नव्याने वसवलेले आहे. ओरिकीतील इकोयी म्हणजे लागोसमधील श्रीमंतांची इकोयी वस्ती खचितच नाही. इलेशा या नावाचीही एकाहून अधिक गावे आहेत. प्रत्येक गावाच्या नावापुढे ‘जुने’, ‘नवे’ किंवा ‘अनिश्चित’ असे लिहिण्याची सवय ठेवावी.

जनुकीय चाचणीबद्दल विचारणा होते म्हणून दोन वाक्ये. ती पश्चिम आफ्रिकेतील विस्तृत प्रदेश सांगू शकते आणि दूरच्या नातेवाइकांशी जुळणी दाखवू शकते. बाहियात राहून गेलेल्या भावंडांचे वंशज अशा जुळणीतून सापडू शकतात. ओफा की इकिरून, हे ती सांगत नाही.

## टप्पा ७: गावात जाऊन पडताळणी

दोन स्वतंत्र पुरावे, म्हणजे एक तोंडी आणि एक कागदी, एकाच गावाकडे बोट दाखवू लागले की मगच तेथे जावे. प्रथम वाड्याच्या प्रमुखाला, म्हणजे बालेला भेटावे, सोबत ओबी म्हणजे कोलाची फळे न्यावीत, आणि स्थानिक भाषा जाणणारा त्रयस्थ माणूस बरोबर ठेवावा. घरातलाच माणूस दुभाषा केला तर तो उत्तरे आपल्याला हव्या त्या दिशेने वळवतो.

येथील सर्वांत महत्त्वाचा नियम असा की आपण जमवलेली ओरिकी, एवो आणि नावे आधी सांगू नयेत. ‘आमचे पूर्वज तुमच्याच वाड्यातले असावेत’ असे म्हटले की यजमान सौजन्याने होकार देतात, मेजवानी होते, छायाचित्रे काढली जातात आणि पुरावा कायमचा नासतो. त्याऐवजी वाड्यातील वृद्ध स्त्रियांना त्यांच्या घराण्याची ओरिकी म्हणायला सांगावे, ती संपूर्ण मुद्रित करावी, एवो विचारावेत, युद्धात नेल्या गेलेल्यांची आठवण विचारावी, आणि त्यानंतरच आपली वही उघडावी. क्राउथर यांची अबेओकुटात १८४६ मध्ये आईशी गाठ पडली तेव्हा दोघेही जिवंत होते. आपल्याला त्या जागी दोन ध्वनिमुद्रणांवर भागवायचे असते, म्हणून ती एकमेकांच्या प्रभावापासून दूर राहायला हवीत.

परत आल्यावर दोन्ही मुद्रणे एकाच दिवशी, एकामागोमाग, दोन्हींपैकी कोणत्याही घराण्याशी संबंध नसलेल्या योरुबाभाषकाला ऐकवावीत आणि समान ओळी त्याच्याकडून खुणावून घ्याव्यात. सगळीकडे चालणाऱ्या सर्वसाधारण स्तुतीच्या ओळी तो वगळेल. ज्या ओळींत गावाचे, पूर्वजाचे किंवा घटनेचे नाव आहे त्याच मोजाव्यात. अशा ओळी जुळल्या, एवो जुळले आणि तारखेने आड येणारे काही निघाले नाही, तर पूर्वजाच्या पानावर गाव आणि वाडा शाईने लिहावा. फक्त गाव जुळले असेल तर गाव लिहून वाड्याची जागा रिकामी सोडावी आणि पानाच्या तळाशी पुढच्या शोधकासाठी न पाहिलेल्या वह्यांची नावे लिहून ठेवावीत.